मराठी हे कारण नव्हतं

माझी लेक सहा वर्षांची झाली तरी तिला चिऊ-काऊची गोष्ट सांगता येत नव्हती. ऐकायला मात्र फार आवडायची. इथे इंग्लंडमध्ये शाळा सुटून चार वाजलेले असायचे, साताऱ्यात रात्रीचे साडेनऊ. आजी व्हिडिओ कॉलवर सुरू करायची, कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं घर मेणाचं, आणि ही पोळीचा तुकडा हातात तसाच धरून ऐकत बसायची. शंभरदा तरी ऐकली असेल. पण "आता तू सांग बघू" म्हटलं की, "ते… पाऊस. चिऊ ते हे केला. थांब," एवढं म्हणून गप्प. तिची आतेबहीण तिच्याहून दोन वर्षांनी लहान. ती तीच गोष्ट तीट, पावडर, अंगडं-टोपडं सगळ्यासकट सांगायची.

आम्ही २०१८ साली इंग्लंडला आलो तेव्हा लेक दीड वर्षाची होती. घरात पूर्ण मराठी. घरी आम्ही तिला चिमणी म्हणतो, या लेखातही मी तेच म्हणते. तिच्या शाळेतल्या गरजांचं कौन्सिलकडून, म्हणजे स्थानिक प्रशासनाकडून, मूल्यमापन व्हावं म्हणून मी अर्ज केला, तो नाकारला गेला, मग मंजूर झाला, आणि अर्जापासून अडतिसाव्या आठवड्यात योजना हातात पडली. योजना म्हणजे एज्युकेशन, हेल्थ अँड केअर प्लॅन, मुलाला कोणती मदत मिळायलाच हवी ते सांगणारा कायदेशीर कागद. हे सगळं मराठीत कुठे वाचायला मिळालं नव्हतं, म्हणून लिहितेय. हे सारे नियम फक्त इंग्लंडचे आहेत. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडची पद्धत वेगळी आहे.

चिमणी इयर वनमध्ये, म्हणजे पाच-सहा वर्षांच्या मुलांच्या वर्गात असताना, नोव्हेंबर २०२१ मध्ये, पालकसभेत पहिल्यांदा विषय निघाला. प्रत्येक पालकाला दहा मिनिटं. मिस म्हणाल्या, खूप गोड मुलगी आहे, शांत आहे, कधी त्रास देत नाही, पण सूचना कळत नाहीत, शेजारच्या मुलांकडे बघून करते. मग विचारलं, घरी कोणती भाषा बोलता? मी मराठी म्हटल्यावर त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला, जणू उत्तर सापडलं. म्हणाल्या, दोन भाषांमुळे गोंधळ होत असेल, जरा घरी इंग्रजी वाढवा.

आम्ही घरी आलो आणि मराठी बंद केली.

त्या चार महिन्यांबद्दल लिहिताना आजही घसा दाटतो. नवरा ऑफिसातून आला की दारातच इंग्रजीत सुरू व्हायचा. मी स्वयंपाक करताना तिच्याशी जे सहज बोलायचे, "ते लिंबू दे गं, नको ते नाही, कापलेलं," ते सगळं थांबलं, कारण तेवढं सहज इंग्रजी माझ्या तोंडात नाही. कमी बोलायला लागले. अंघोळीच्या वेळची गाणी थांबली. सासूबाईंना इंग्रजी येत नाही, त्यामुळे फोन दोन मिनिटांत संपायचा. "काय करतेस गं बाळा?" आणि इकडून नुसतं हसू. मंडळाच्या कार्यक्रमात भेटणाऱ्या ओळखीच्या बायकाही हेच सांगायच्या, आमच्याकडे आम्ही इंग्लिशच ठेवलंय, उगाच मुलांना कशाला दोन-दोन. चार महिन्यांत तिचं इंग्रजी तसूभरही पुढे गेलं नाही. मराठी मात्र मागे गेली.

मार्च २०२२ मध्ये जीपीकडून, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडून, स्पीच थेरपीसाठी नाव गेलं. आधी तिथल्या थेरपिस्टचा एक चौकशीचा फोन आला. मी फुशारकीने सांगितलं की आम्ही घरची भाषा बंद केलीय. पलीकडे दोन क्षण शांतता. मग ती बाई अगदी हळू आवाजात म्हणाली, कृपया आजच पुन्हा सुरू करा. तुम्हाला जी भाषा सगळ्यात चांगली येते, तीच तिच्याशी बोला. फोन ठेवून मी पायरीवर बसून रडले. त्या आठवड्यात गुढीपाडवा होता. गुढी उभारताना मी तिला काठी, गाठी, कडुनिंब, एकेका वस्तूचं नाव सांगत राहिले, पोट भरेपर्यंत.

प्रत्यक्ष भेटीचा नंबर लागायला आठ महिने गेले. मधे जूनमध्ये शाळेत फोनिक्सची, म्हणजे अक्षरांचे आवाज जुळवून वाचण्याची, सरकारी चाचणी झाली. त्यात ४० शब्द मोठ्याने वाचायचे असतात आणि त्यातले २० मुद्दाम बनवलेले, निरर्थक. ३२ बरोबर आले की पास. चिमणीचे ३५ आले. शाळेला हायसं वाटलं. पण तिच्यापाशी बसून वाचन घेणाऱ्या मला दिसत होतं की ती खरे शब्दही त्या निरर्थक शब्दांसारखेच वाचते, अक्षर जुळवून, आतलं काही न उमजता. पान संपल्यावर "काय झालं गं त्या कुत्र्याचं?" विचारलं तर चित्राकडे बघायची.

याच सुमारास सासूबाई एकदा फोनवर म्हणाल्या, "अगं, तिच्या इंग्रजीचं सोड. तिची मराठी ऐकलीस का नीट? 'मी पोळी खाल्ला' म्हणते. 'बाबा ऑफिस गेली' म्हणते. आपल्याकडचं चार वर्षांचं पोरगंसुद्धा असं बोलत नाही." मला राग आला होता तेव्हा. परदेशात वाढणारं मूल आहे, चुकणारच, असं मी म्हटलं. त्या प्राथमिक शाळेत पस्तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी वाद घातला नाही. एवढंच म्हणाल्या, "लिहून ठेव. तारीख घालून लिहून ठेव."

ती वही म्हणजे आमच्या संपूर्ण प्रकरणाचा कणा ठरली.

नोव्हेंबर २०२२ मध्ये थेरपिस्टची भेट झाली. दुभाषी मागितला होता, तो हिंदीचा आला. भारत म्हणजे हिंदी, असं कुणीतरी फॉर्ममध्ये धरून चाललं होतं. बिचारे गृहस्थ भले होते, पण त्यांना "खाल्ला" आणि "खाल्ली" यात काय बिघडलं ते कसं कळणार? शेवटी मीच समोर बसून सांगत गेले. थेरपिस्टने स्पष्टच सांगितलं की तिच्याकडच्या चाचण्यांचे गुण इंग्रजीच बोलणाऱ्या मुलांवर बेतलेले आहेत, त्यामुळे नुसत्या आकड्यावर ती निष्कर्ष काढणार नाही. तिने वेगळंच केलं. चिमणीला काही नवे शब्द शिकवले, खेळ घेतले, दहा मिनिटांनी पुन्हा विचारले. किती शिकवलं की किती टिकतं, हे तिला पाहायचं होतं. मग माझी वही मागितली आणि एकेक ओळ मला समजावून सांगायला लावली. मराठीत पोळी स्त्रीलिंगी असते म्हणून क्रियापद तिच्यामागे जातं, आमची मुलं हे साधारण कधी उचलतात, माझी लेक काय म्हणते. मी व्याकरण शाळेत शिकले त्यानंतर पहिल्यांदाच कुणाला शिकवत होते.

तासाभराने तिने नाव सांगितलं: डेव्हलपमेंटल लँग्वेज डिसऑर्डर, डीएलडी. मुलाचं ऐकणं चांगलं असतं, बाकीची समजही असते, पण भाषा शिकण्याची यंत्रणाच अडखळते. कारण एकच असं सापडत नाही, आणि घरच्यांच्या वागण्याने हे होत नाही. साधारण सात टक्के मुलांमध्ये आढळतं, म्हणजे तीसच्या वर्गात दोघं. पूर्वी याला पाच-सहा वेगवेगळी नावं होती. ऑक्सफर्डच्या डोरोथी बिशप यांच्या पुढाकाराने तज्ज्ञांच्या गटाने २०१७ च्या सुमारास हे एक नाव ठरवलं. आणि मग ती जे म्हणाली ते मी तिथेच वहीत उतरवून घेतलं: डीएलडी असेल तर ते मुलाच्या सगळ्या भाषांत दिसतं. फक्त इंग्रजीत अडचण आणि घरची भाषा खणखणीत, तर ते इंग्रजी नवीन असल्यामुळे. दोन्हीत अडचण, तर ते भाषेचं दुखणं. तुमच्या मुलीची मराठी हाच इथला सगळ्यात मोठा पुरावा आहे.

वर्षभर जिला आम्ही कारण समजत होतो, ती पुरावा निघाली.

रिपोर्ट घेऊन मी डिसेंबरमध्ये शाळेच्या सेन्को बाईंना भेटले. सेन्को म्हणजे विशेष गरजांच्या मुलांची व्यवस्था पाहणारी शिक्षिका. प्रत्येक सरकारी शाळेत असावीच लागते. बाई मनाने चांगल्या, पण वर्ग सांभाळून हे काम करणाऱ्या, डोळ्यांखाली काळं. त्यांनी चिमणीला सेन सपोर्टच्या, म्हणजे शाळेतच जादा मदत मिळणाऱ्या मुलांच्या यादीत घेतलं, आठवड्यातून दोनदा छोट्या गटात बसवलं. अजून काही हवं असेल तर कौन्सिलकडून मूल्यमापन व्हायला लागेल, आणि त्यासाठी शाळा अर्ज करणार नाही, असंही म्हणाल्या. तिचं फोनिक्स चांगलं आहे, मूल दोन वर्षं मागे असल्याशिवाय कौन्सिल घेत नाही, आधी दोन-तीन टर्म आमचे प्रयत्न कागदावर दिसले पाहिजेत. मी मान हलवून बाहेर आले. शाळा नाही म्हणाली म्हणजे संपलं, असंच मला वाटलं.

तसं नसतं. मला हे आयपीएसईए या संस्थेच्या माहितीतून कळलं. ही संस्था पालकांना या कायद्याबद्दल मोफत सल्ला देते आणि अर्जाच्या पत्राचा नमुनाही देते. चिल्ड्रेन अँड फॅमिलीज अॅक्ट २०१४ च्या कलम ३६ प्रमाणे पालक स्वतः थेट कौन्सिलला विनंती करू शकतात. शाळेची परवानगी लागत नाही. कौन्सिलचा स्वतःचा फॉर्म असतो, तो भरलाच पाहिजे असं नाही, साधं पत्र चालतं. आणि कौन्सिलने पाहायच्या गोष्टी दोनच: मुलाला विशेष शैक्षणिक गरजा आहेत किंवा असू शकतात का, आणि त्यासाठी योजनेद्वारे मदत देणं आवश्यक असू शकेल का. "असू शकेल" हा शब्द मी तीनदा वाचला. मूल किती वर्षं मागे आहे, शाळेने किती टर्म प्रयत्न केले, मूल पास आहे का नापास, यातलं काहीही कायद्यातली अट म्हणून नाही.

नवऱ्याची काळजी वेगळी होती. आम्ही वर्क व्हिसावर. आमच्या व्हिसावर स्पष्ट छापलेलं होतं की सरकारी मदतनिधीवर हक्क नाही. "अर्ज केला आणि उद्या व्हिसा वाढवताना प्रश्न आला तर?" तो रात्र-रात्र जागा असायचा. आमच्या भागातल्या सेन्डियास या मोफत सल्ला सेवेतल्या बाईंनी समजावलं की सरकारी शाळेतलं शिक्षण आणि त्यासाठीची ही योजना त्या बंदीत येत नाही. अपंग मुलांसाठीचा डीएलए भत्ता मात्र येतो, तो मागू नका. आपल्यातल्या बऱ्याच घरांत ही भीती पाहिलीय. त्या भीतीपोटी माणसं शाळेतली मदतही मागत नाहीत, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

पत्र लिहायला आम्हाला तीन रविवार लागले. नमुन्यातला कायदेशीर मजकूर तसाच ठेवला आणि खाली चिमणी लिहिली. पहिल्या मसुद्यात मी तिची खूप स्तुती केली होती. नृत्य छान करते, सगळ्यांना खाऊ वाटते. आईच्या हाताला दुसरं लिहवत नाही. नवऱ्याने शांतपणे ते एका परिच्छेदात आणलं आणि म्हणाला, आता तिला काय जमत नाही ते लिही. ते लिहिणं फार जड गेलं. वहीतल्या नोंदींमधून दहा निवडल्या. त्यातल्या काही अशा:

"१२ सप्टें. 'कपाटातून हिरवा फ्रॉक काढ आणि बाबाला दे' म्हटलं. कपाटापाशी गेली, उभी राहिली. पुन्हा सांगितलं. लाल आणला, मला दिला. हेच इंग्रजीत सांगितलं, तसंच."

"३ ऑक्टो. शाळेत कुणीतरी ढकललं. गुडघा सोललेला. कोणी, कधी, काय झालं, सांगता येईना. 'ते मुलगा… ते… बाहेर.' चिडून रडली. अर्धा तास."

"२३ ऑक्टो. काल आणि उद्या अजून उलटसुलट. 'उद्या आजी फोन केली' म्हणते."

प्रत्येक नोंदीखाली मराठी वाक्य देवनागरीत, त्याचा उच्चार, शब्दशः अर्थ आणि त्या वयाच्या मराठी मुलाने ते कसं म्हटलं असतं ते. चिऊ-काऊची गोष्टही जोडली. आधी आतेबहिणीने सांगितलेली, मग चिमणीने सांगितलेली, दोन्ही ध्वनिमुद्रणावरून उतरवून, शेजारी-शेजारी दोन रकान्यांत. डावा रकाना पानभर, उजवा अडीच ओळी. सासूबाईंनी एक पत्र दिलं, पस्तीस वर्षं पहिली-दुसरीला शिकवलेल्या शिक्षिकेचं म्हणून. मी ते इंग्रजीत केलं. सोबत थेरपिस्टचा रिपोर्ट, शाळेची प्रगतिपत्रकं, आणि कानाच्या तपासणीचा कागद, कारण ऐकू येतं ना हा प्रश्न पहिला निघतो.

१६ जानेवारी २०२३ ला ईमेल पाठवला. आदल्या दिवशी संक्रांत होती. सासूबाई म्हणाल्या होत्या, करीच्या दिवशी नको गं महत्त्वाचं काम, एक दिवस थांब. मी थांबले नाही. कौन्सिलला विनंती मिळाल्यापासून सहा आठवड्यांत मूल्यमापन करणार की नाही ते कळवावंच लागतं, आणि मला त्यातला एकही दिवस वाया घालवायचा नव्हता. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर सहा आठवडे मोजले. बेचाळिसावा दिवस २७ फेब्रुवारीला येत होता. त्या चौकटीत आधीच छापलेलं होतं: मराठी भाषा गौरव दिन. मी भोवती गोल केला.

त्याच दिवशी दुपारी उत्तर आलं. नकार.

दोन कारणं होती. एक, शाळेकडे असलेल्या साधनांतून अजून पुरेसे प्रयत्न झालेले नाहीत. दुसरं वाचताना हात थरथरत होते: मुलीच्या अडचणी इंग्रजी ही अतिरिक्त भाषा असल्यामुळे असाव्यात. थेरपिस्टच्या रिपोर्टचा उल्लेख एका ओळीत. वहीचा, गोष्टीचा, सासूबाईंच्या पत्राचा कुठेच नाही. मराठी त्यांनी पुन्हा कारण करून टाकली होती.

त्या रात्री मला सोडून द्यावंसं वाटलं. नवरा, जो आधी घाबरला होता, तोच म्हणाला, आता नाही सोडायचं. नकाराच्या पत्राच्या तारखेपासून ट्रायब्युनलकडे, म्हणजे स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे, अपील करायला दोन महिने असतात. त्याआधी मीडिएशनच्या (तटस्थ मध्यस्थासमोर कौन्सिलशी बोलणी) सल्लागाराशी बोलून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. मीडिएशन करायचंच अशी सक्ती नाही, नको म्हटलं तरी प्रमाणपत्र मिळतं, पण त्यावाचून असं अपील दाखल होत नाही. अपीलाला फी नाही आणि वकीलही लागत नाही. सेन्डियासच्या बाईंनी एक आकडा सांगितला, तो आम्ही रात्री घरी बसून पडताळला: २०२१-२२ या शैक्षणिक वर्षात ट्रायब्युनलने निकाल दिलेल्या प्रकरणांपैकी ९६ टक्क्यांत निकाल पालकांच्या बाजूने लागला. तो वाचून धीर आला आणि संतापही आला. मग नकार मिळाल्यावर गप्प बसलेल्या घरांचं काय? रात्रपाळी करणाऱ्या, इंग्रजी पत्र वाचायला शेजाऱ्याकडे जाणाऱ्या आईबापांचं काय? माझ्या हाताशी शिकलेला नवरा होता, निवृत्त शिक्षिका सासू होती, टेबल होतं, तीन रविवार होते. हक्क सगळ्यांचा सारखा, पण तो मागायला लागणारा वेळ आणि शब्द सगळ्यांकडे नसतात.

आम्ही मीडिएशन मागितलं, कारण ते कौन्सिलला ३० दिवसांत ठेवावं लागतं आणि निर्णय घेण्याचा अधिकार असलेली व्यक्ती तिथे हजर हवी असते. अपीलाचा फॉर्मही भरून तयार ठेवला. पाडव्यानंतर दोन दिवसांनी, २४ मार्चला, ऑनलाइन बैठक झाली. कौन्सिलचे अधिकारी, मधे तटस्थ मध्यस्थ, आमच्या बाजूला सेन्डियासच्या बाई. मी तीनच मुद्दे कागदावर लिहून घेतले होते आणि ते वाचून दाखवले.

कायद्याच्या कलम २० मध्ये म्हटलंय की घरची भाषा वेगळी आहे, केवळ एवढ्यावरून मुलाला शिकण्याची अडचण आहे असं समजू नये. ते मुलांच्या रक्षणासाठी आहे. दुसरी भाषा बोलणाऱ्या मुलाला खरी अडचण असूच शकत नाही, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. दुसरा मुद्दा, २०१५ च्या सरकारी आचारसंहितेत लिहिलंय की मूल मागे पडतंय ते इंग्रजी नवीन असल्यामुळे की विशेष गरजेमुळे, हे काळजीपूर्वक तपासा. इथे कोणी तपासलं? थेरपिस्टने, आणि तिचं उत्तर तुमच्यासमोर आहे. तिसऱ्या मुद्द्याला मी ते दोन रकान्यांचं पान पडद्यावर दाखवलं. म्हटलं, तुम्हाला मराठी येत नाही, हरकत नाही. फक्त दोन्ही बाजूंची लांबी बघा. डावीकडची मुलगी चार वर्षांची आहे.

अधिकारी थोडा वेळ त्या पानाकडे बघत राहिले. मग विचारलं, हे अर्जासोबत होतं? होतं, पान क्रमांक चौदा. बैठक संपायच्या आत त्यांनी मूल्यमापन करायला मान्यता दिली.

पुढचं जरा भराभर सांगते, कारण त्यात बहुतेक वाट पाहणंच होतं. मूल्यमापनात कौन्सिलला पालक, शाळा, आरोग्य सेवा, सोशल केअर आणि एज्युकेशनल सायकॉलॉजिस्ट या सगळ्यांकडून लेखी मत मागवावं लागतं. सायकॉलॉजिस्टची सगळीकडे टंचाई आहे. आमची भेट जूनच्या शेवटी झाली. पण ती बाई आली तेव्हा अर्धा दिवस वर्गात बसली, मैदानावर उभी राहून पाहिलं, मग चिमणीशी खेळली. मला म्हणाली, ही इतर मुलांचं बघून करते ते इतकं सफाईने, की मलाही वीस मिनिटं लागली ओळखायला. दीड वर्षापूर्वी मिसनी दहा मिनिटांच्या पालकसभेत जे सांगितलं होतं, त्याचा अर्थ आता लागला.

विनंतीपासून अंतिम योजनेपर्यंत कायद्याने २० आठवडे. आमचे २० आठवडे ५ जूनलाच संपले होते. आम्ही काही एकटे नव्हतो. २०२३ साली देशभरात जेमतेम निम्म्या योजना वेळेत निघाल्या. मी दर सोमवारी एक ईमेल पाठवायचे, दोन ओळींचा, तारीख आणि कितवा आठवडा ते लिहून.

मसुदा सप्टेंबरमध्ये आला. हाती पडल्यापासून १५ दिवस मिळतात आपलं म्हणणं मांडायला, आणि हे दिवस पूर्ण वापरा, एवढं मी प्रत्येकीला सांगते. योजनेचे ए पासून के पर्यंत विभाग असतात. बी मध्ये गरजा, एफ मध्ये शिक्षणातली मदत. एफ मध्ये जे लिहिलं ते पुरवणं कौन्सिलवर कलम ४२ ने बंधनकारक असतं, म्हणून तिथला प्रत्येक शब्द मोलाचा. आमच्या मसुद्यात होतं: "आवश्यकतेनुसार भाषा कार्यक्रमाचा लाभ मिळेल." किती वेळा, किती मिनिटं, कोणाकडून, काहीच नाही. शिवाय स्पीच थेरपी त्यांनी आरोग्याच्या जी विभागात घातली होती. शिकण्यासाठी लागणारी थेरपी एफ मध्येच यायला हवी, असं कलम २१ सांगतं. नवऱ्याने थेरपिस्टच्या आणि सायकॉलॉजिस्टच्या रिपोर्टमधल्या शिफारशी एकेक काढून समोर मांडल्या, आणि आम्ही प्रत्येक ढिल्या वाक्याच्या जागी नेमकं वाक्य लिहून पाठवलं. जवळजवळ सगळं मान्य झालं. दर टर्ममध्ये थेरपिस्टसोबत ४५ मिनिटांची सहा सत्रं. रोज २० मिनिटं प्रशिक्षित टीचिंग असिस्टंटबरोबर. सूचना एकावेळी एकच, सोबत चित्र किंवा खूण. नवा धडा सुरू होण्याआधी त्यातले शब्द तिला वेगळे बसवून शिकवायचे.

आणि एक वाक्य मी हट्टाने घालून घेतलं: त्या शब्दांची यादी आठवडाभर आधी घरी यावी, म्हणजे घरचे ते मराठीत शिकवतील.

अंतिम योजना ९ ऑक्टोबरला आली, घटस्थापनेच्या आधीच्या सोमवारी.

पहिल्या टर्मला सहापैकी दोन सत्रं झालीच नाहीत. थेरपिस्ट नोकरी सोडून गेली, नवी यायची होती. मी कलम ४२ चा उल्लेख करून कौन्सिलला पत्र लिहिलं आणि बुडालेली सत्रं जानेवारीत भरून मिळाली. याद्या मात्र सुरुवातीपासून येतात, गुरुवारी, दप्तराच्या पुढच्या कप्प्यात. पहिल्या यादीत ज्वालामुखी, लाव्हा, खडक, राख असे शब्द होते. साताऱ्याला फोन लावला. सासूबाईंनी गॅसवर दूध ठेवलं आणि ते उतू जाईपर्यंत फोन पातेल्यावर धरला. "हे बघ, आत तापतंय. आता वर येतंय. आलं, आलं, आलं!" चिमणी ओरडली, "आलं! आजी, दूध आली!"

"आलं," आजी म्हणाली. "दूध आलं."

"दूध आलं," चिमणी म्हणाली. मी वही उघडून तारीख घातली.